थ्रेडच्या स्टॅकची लिमिट: खरा आकडा येतो कुठून, बघायचा कसा, बदलायचा कसा

प्रोग्राम स्वतःच्या लॅपटॉपवर मस्त चालतो, टेस्ट सगळ्या पास, आणि तोच अल्पाइनच्या (एका छोट्या लिनक्सच्या) कंटेनरमध्ये टाकला की पहिल्याच मोठ्या इनपुटला सेगमेंटेशन फॉल्ट (सेगफॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद), पुढे काही मेसेज नाही, लॉग मध्येच तुटलेला. मग ग्रुपवर विचारलं की कोणीतरी सांगतंच, ‘यूलिमिट -एस अनलिमिटेड’ करून बघ, म्हणजे शेलमधून स्टॅकची मर्यादाच काढून टाक. ते करून बरेचदा काहीच फरक पडत नाही, आणि कधी तर आधी नीट चालणारा थ्रेडही कोसळायला लागतो. हा सल्ला इतका फिरतो आणि लोकांचा इतका वेळ खातो की एकदा सगळं नीट लिहून टाकावं असं वाटलं.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. थ्रेडचा स्टॅक, म्हणजे फंक्शन कॉल आणि त्यांचे लोकल व्हेरिएबल ठेवायची त्याची जागा, किती हे एकाच ठिकाणी ठरत नाही, कर्नल, सी लायब्ररी, भाषेचा रनटाइम आणि तुमचा स्वतःचा कोड यातला कोणीही तो ठरवू शकतो, आणि शेवटी ज्याने सांगितलं त्याचंच चालतं. त्यामुळे आकडा वाढवायच्या आधी आपल्या थ्रेडला नेमका कोणाचा आकडा लागू आहे ते शोधायचं. हे केलं नाही तर अंदाजपंचे नॉब फिरवत बसावं लागतं.

आकडा येतो कुठून

मेन थ्रेड आणि नंतर बनवलेले थ्रेड, यांचे स्टॅक मुळातच वेगळे. मेन थ्रेडचा स्टॅक कर्नल देतो आणि तो लागेल तसा खाली वाढत जातो, यूलिमिटच्या सॉफ्ट लिमिटपर्यंत (सध्या लागू असलेली लिमिट, ती हार्ड लिमिटपर्यंत वाढवता येते). बहुतेक लिनक्सवर ही ८१९२ केबी म्हणजे ८ एमबी असते, हार्ड लिमिट सहसा अनलिमिटेड. पण नंतर बनवलेल्या थ्रेडसाठी सी लायब्ररी एमएमॅप करून, म्हणजे कर्नलकडे मेमरी मागून, एक ठराविक आकाराचा तुकडा आधीच घेऊन ठेवते, तो पुढे वाढत नाही. संपला की संपला.

हा तुकडा केवढा घ्यायचा? उबुंटू, डेबियन, फेडोरावर जी लायब्ररी असते, जीलिबसी, ती प्रोग्राम सुरू होताना यूलिमिटची सॉफ्ट लिमिट वाचते आणि तोच आकडा थ्रेडचा डिफॉल्ट म्हणून धरते. म्हणून तिथे थ्रेडलाही ८ एमबी मिळतात आणि आपल्याला वाटतं की यूलिमिट म्हणजेच थ्रेडची लिमिट. पण लिमिट अनलिमिटेड असेल तर अनलिमिटेड आकाराचा तुकडा घेणार कसा, म्हणून तेव्हा जीलिबसी स्वतःचा ठरलेला आकडा वापरते, आणि ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर तो आहे २ एमबी. म्हणजे तुम्ही ‘अनलिमिटेड’ केलंत आणि थ्रेडचा स्टॅक ८ वरून २ वर आला! मेन थ्रेडला भरपूर जागा झाली, पण कोसळत होता तो वर्कर थ्रेड, त्याची जागा एक चतुर्थांश झाली. आगीतून फुफाट्यात जाणं ते हेच.

याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो फोर्ट्रान आणि ओपनएमपी (एक काम अनेक थ्रेडमध्ये वाटायची सोय) वापरणाऱ्यांना, हवामानाची मॉडेलं वगैरे चालवणाऱ्या मंडळींना. जीफोर्ट्रानला ओपनएमपीचा फ्लॅग दिला की सबरूटीनमधले लोकल अ‍ॅरे स्टॅकवर जातात, कारण प्रत्येक थ्रेडला आपली वेगळी प्रत लागते. मोठे अ‍ॅरे, छोटा स्टॅक, झालंच. तिथे यूलिमिट फक्त मास्टर थ्रेडपुरती, वर्करसाठी ‘ओएमपी_स्टॅकसाइझ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करायचं, उदाहरणार्थ ६४एम. दोन्ही लागतात, एकाने भागत नाही.

आता अल्पाइन. तिथे जीलिबसी नसते, मसल नावाची लायब्ररी असते आणि ती यूलिमिटकडे बघतच नाही. तिचा थ्रेडचा डिफॉल्ट १२८ केबी, १.१.२१ व्हर्जनच्या आधी तर ८० केबी होता. ८ एमबीच्या तुलनेत हा चौसष्टावा भाग झाला. मसलवाल्यांचं यात चुकलं असं मला अजिबात वाटत नाही, छोट्या मशीनवर शेकडो थ्रेड चालावेत हा त्यांचा विचार आहे आणि तो सरळ आहे, पण जीलिबसीवर लिहिलेला आणि टेस्ट केलेला कोड तिथे नेताना हे माहीत असलंच पाहिजे.

मॅकवर मेन थ्रेडला ८ एमबी आणि बाकी थ्रेडना ५१२ केबी, आयफोनवर मेनला १ एमबी आणि बाकीच्यांना तेच ५१२ केबी, आणि मॅकवरही यूलिमिट बदलून बाकीच्या थ्रेडना काही फरक पडत नाही. विंडोजवर १ एमबी, आणि हा आकडा लिंकर एक्झीक्यूटेबलच्या हेडरमध्येच लिहून ठेवतो, मेन थ्रेडलाही तोच आणि वेगळं काही सांगितलं नाही तर नव्या थ्रेडलाही तोच.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एक छोटा सी प्रोग्राम लिहा. एक फंक्शन, आत १०२४ बाइटचा व्होलाटाइल अ‍ॅरे, त्यात काहीतरी लिहायचं, खोली प्रिंट करायची आणि स्वतःलाच परत बोलवायचं, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल करा नाहीतर कंपायलर रिकर्शनचा लूप करून टाकेल. हे फंक्शन नव्या थ्रेडमध्ये चालवा. ८ एमबीवर ते आठ हजाराच्या थोडं आत जाऊन पडतं, ‘अनलिमिटेड’ केल्यावर दोन हजाराच्या आत, आणि अल्पाइनवर सव्वाशेच्या आतच. प्रिंटची ओळ लगेच बाहेर यावी म्हणून स्टँडर्ड एररवर प्रिंट करा, नाहीतर बफरमध्ये अडकलेल्या ओळी प्रोग्रामबरोबरच जातील. पाच मिनिटांचं काम आहे पण एकदा केलं की हे कायमचं डोक्यात बसतं, टीममध्ये नवीन कोणी आलं की मी त्यांना आधी हेच करायला सांगतो.

हा स्टॅकचाच प्रॉब्लेम आहे हे पक्कं कसं करायचं

प्रत्येक सेगफॉल्ट म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो नाही, त्यामुळे लिमिट वाढवायच्या आधी पुरावा बघा. सगळ्यात स्वस्त पुरावा ‘डीमेसेज’ मध्ये मिळतो. कर्नल तिथे एक ओळ टाकतो, त्यात थ्रेडचं नाव, ‘सेगफॉल्ट अ‍ॅट’ आणि एक पत्ता, मग ‘आयपी’ म्हणजे इन्स्ट्रक्शन पॉइंटर, मग ‘एसपी’ म्हणजे स्टॅक पॉइंटर, आणि एररचा आकडा. यातले ‘अ‍ॅट’ आणि ‘एसपी’ हे दोन पत्ते शेजारी ठेवून बघा. नल पॉइंटर असेल तर ‘अ‍ॅट’ च्या पुढे शून्य किंवा अगदी छोटा आकडा असतो. स्टॅक संपला असेल तर दोन्ही पत्ते जवळजवळ सारखे दिसतात, बरेचदा ‘अ‍ॅट’ हा ‘एसपी’ पेक्षा बरोबर ८ ने कमी, कारण कॉल इन्स्ट्रक्शन रिटर्नचा पत्ता स्टॅकवर ठेवायला गेली आणि तिथेच अडली. शिवाय एरर ६ असेल तर त्याचा अर्थ, युजर मोडमधून लिहायला गेलो आणि ते पेज (मेमरीचा ठराविक आकाराचा तुकडा) तिथे नव्हतं. हे तीन जुळलं की जवळपास नक्की समजा.

कोअर फाइल (कोसळताना साठवलेली प्रोसेसची मेमरी) असेल तर जीडीबी या डीबगरमध्ये उघडून बॅकट्रेस (कोणी कोणाला बोलवलं त्याची यादी) घ्या, पण नुसता ‘बीटी’ मारू नका, रिकर्शन असेल तर हजारो ओळी येतील, ‘बीटी २०’ आणि ‘बीटी -२०’ मारा म्हणजे वरच्या वीस आणि तळाच्या वीस फ्रेम दिसतील. तेच फंक्शन परत परत दिसत असेल तर रिकर्शन. चार-पाचच फ्रेम आहेत आणि तरी पडलं असेल तर एखाद्या फंक्शनमध्ये अवाढव्य लोकल अ‍ॅरे आहे.

हे दुसरं प्रकरण जास्त धोक्याचं. थ्रेडच्या स्टॅकच्या तळाशी गार्ड पेज असतं, जीलिबसीत डिफॉल्टने एकच पेज, ४ केबी, त्याला हात लागला की सेगफॉल्ट. पण ६४ केबीचा लोकल अ‍ॅरे असलेलं फंक्शन त्या ४ केबीवरून सरळ उडी मारून पलीकडे जाऊ शकतं, आणि पलीकडे अनेकदा दुसऱ्याच थ्रेडचा स्टॅक असतो. मग सेगफॉल्ट येत नाही, दुसऱ्या थ्रेडचा डेटा गुपचूप खराब होतो आणि तुम्ही भलतीकडेच शोधत राहता. २०१७ मध्ये क्वालिस या सिक्युरिटी कंपनीने ‘स्टॅक क्लॅश’ नावाने जे प्रकरण बाहेर काढलं ते याच उडीवर होतं, त्यानंतर कर्नलने मेन स्टॅकखालची मोकळी जागा १ एमबी केली, आणि जीसीसी ८ मध्ये ‘-एफस्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन’ हा फ्लॅग आला, त्याने मोठा अ‍ॅरे घेताना प्रत्येक पेजला स्पर्श करत जाणारा कोड तयार होतो आणि गार्ड पेज चुकत नाही. तुमच्या बिल्डमध्ये तो फ्लॅग आहे का बघा, नसेल तर आजच टाका, त्याची किंमत नगण्य आहे.

आत्ता किती आहे आणि किती वापरलं जातंय

चालू प्रोसेसची लिमिट बघायला शेलमध्ये यूलिमिट मारून उपयोग नाही, ती तुमच्या शेलची लिमिट असते. प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली ‘लिमिट्स’ नावाची फाइल असते, त्यातली ‘मॅक्स स्टॅक साइझ’ ची ओळ बघा. आणि वर सांगितलं तसं, ही सुद्धा थ्रेडची लिमिट नाही, फक्त जीलिबसीने जिथून आकडा उचलला ती जागा. शिवाय तिने तो सुरुवातीलाच उचललेला असतो, म्हणून चालू प्रोसेसवर ‘पीआरलिमिट’ चालवून किंवा प्रोग्रामच्या आतून ‘सेटआरलिमिट’ करून नव्या थ्रेडचा डिफॉल्ट बदलत नाही.

थ्रेडचा खरा आकडा थ्रेडलाच विचारायचा. लिनक्सवर ‘पीथ्रेड_गेटअ‍ॅटर_एनपी’ ने स्वतःचे अ‍ॅट्रिब्यूट घ्यायचे आणि ‘पीथ्रेड_अ‍ॅटर_गेटस्टॅक’ ने सुरुवातीचा पत्ता आणि आकार काढायचा. सर्व्हर सुरू होताना प्रत्येक थ्रेड पूलसाठी ही एक ओळ लॉगमध्ये टाका, पुढे कधीतरी कोणीतरी बेस इमेज बदलेल तेव्हा हीच ओळ तुम्हाला वाचवेल.

वापर मोजायचा असेल तर त्यालाही सोपी युक्ती आहे. प्रॉकमध्ये प्रोसेसखाली ‘टास्क’, त्याखाली थ्रेडचा नंबर, त्यात ‘सिस्कॉल’ नावाची फाइल. थ्रेड कशाची तरी वाट बघत थांबलेला असताना ती वाचली तर शेवटून दुसरा आकडा म्हणजे त्याचा स्टॅक पॉइंटर. आता ‘एसमॅप्स’ फाइलमध्ये हा पत्ता ज्या रेंजमध्ये बसतो ती रेंज शोधा, तोच त्या थ्रेडचा स्टॅक, आणि त्याखालची ‘आरएसएस’ (त्यातला किती भाग खरंच रॅममध्ये आहे तो आकडा) म्हणजे आजवर जास्तीत जास्त किती खोल गेला त्याचा बऱ्यापैकी खरा अंदाज, कारण एकदा वापरलेलं पेज थ्रेड जिवंत असेपर्यंत सहसा परत जात नाही. ट्रान्सपरंट ह्युज पेज (छोट्या पेजऐवजी मोठी पेज देणारी कर्नलची सोय) ‘ऑलवेज’ वर असेल तर हा आकडा फुगलेला दिसू शकतो, ते तेवढं लक्षात ठेवा. आणि हे मोजायचं ते नेहमीच्या नाही, सगळ्यात वाईट इनपुटवर.

कोडच्या बाजूने बघायचं तर जीसीसीला ‘-एफस्टॅक-यूसेज’ द्या, प्रत्येक फाइलबरोबर एक ‘.एसयू’ फाइल पडते, त्यात फंक्शननुसार किती बाइट लागतात ते लिहिलेलं असतं. सगळ्या एकत्र करून आकड्यानुसार सॉर्ट केल्या की गुन्हेगार वरच सापडतात. बहुतेक वेळा ते कोणीतरी पटकन लॉग मेसेज बनवण्यासाठी घेतलेले ६४ केबीचे बफर असतात.

बदलायचा कसा

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कोडमध्ये स्पष्ट सांगणं. अ‍ॅट्रिब्यूट इनिट करा, ‘पीथ्रेड_अ‍ॅटर_सेटस्टॅकसाइझ’ ला बाइटमध्ये आकडा द्या, तोच अ‍ॅट्रिब्यूट ‘पीथ्रेड_क्रिएट’ ला द्या. रिटर्न व्हॅल्यू चेक करा, कारण किमान मर्यादेपेक्षा कमी दिलं (६४ बिट इंटेलवर जीलिबसीत १६ केबी) तर ते ‘ईइनव्हॅल’ हा एरर देतं आणि चेक नसेल तर तुम्ही डिफॉल्टवरच चालता आणि कळतही नाही. आकडा पेज साइझच्या पटीत द्या, मॅकवर नाही दिला तर चालत नाही. जीलिबसीत थ्रेड-लोकल व्हेरिएबल (प्रत्येक थ्रेडची ज्याची वेगळी प्रत असते ते) पण याच तुकड्यात बसतात, म्हणून कोणी १ एमबीचा थ्रेड-लोकल अ‍ॅरे केला असेल तर तो तुमच्याच स्टॅकमधून वजा होतो.

सी++ च्या स्टँडर्ड थ्रेडला स्टॅक साइझ द्यायची सोयच नाही, हे मला खरंच खटकतं. तिथे एक तर बूस्टचा थ्रेड वापरा, नाहीतर पीथ्रेड थेट, नाहीतर मेनच्या सुरुवातीला ‘पीथ्रेड_सेटअ‍ॅटर_डिफॉल्ट_एनपी’ ने त्या प्रोसेसचा डिफॉल्टच बदला. अल्पाइनसाठी अजून एक सोपा रस्ता आहे: लिंकरला ‘-झेड स्टॅक-साइझ’ देऊन एक्झीक्यूटेबलमध्येच आकडा लिहा, मसल तो वाचते आणि डिफॉल्ट तेवढा वाढवते. कोडला हात न लावता काम होतं, थर्ड पार्टी लायब्ररी स्वतःचे थ्रेड बनवत असेल तर हाच उपाय बरा.

जावात ‘-एक्सएसएस’, ६४ बिट लिनक्सवर डिफॉल्ट साधारण १ एमबी, तिथे यूलिमिट विसरा. पण जेएनआयमधून सी कोड बोलवत असाल तर तो कोड जावाच्या थ्रेडच्याच स्टॅकवर चालतो, ८ एमबी गृहीत धरून लिहिलेली लायब्ररी १ एमबीत चालवताय हे ध्यानात घ्या. पायथनमध्ये थ्रेड बनवायच्या आधी ‘थ्रेडिंग.स्टॅक_साइझ’, किमान ३२ केबी, आणि रिकर्शन लिमिट वाढवणं म्हणजे स्टॅक वाढवणं नव्हे, ती दोन वेगळी कुलपं आहेत. रस्टमध्ये नव्या थ्रेडला २ एमबी, बिल्डरमध्ये बदलता येतं किंवा ‘रस्ट_मिन_स्टॅक’ ने. नोडमध्ये ‘--स्टॅक-साइझ’ ने फक्त व्ही८ ला (नोडच्या जावास्क्रिप्ट इंजिनला) सांगितलं जातं की एवढी जागा आहे, खरी जागा वाढत नाही, म्हणून तो फ्लॅग वाढवला की सुंदर एरर मेसेजच्या जागी सेगफॉल्ट मिळतो. गोमध्ये हा प्रश्न जवळपास नाहीच, गोरूटीन (गोचा हलका थ्रेड) २ केबीपासून सुरू होतो आणि लागेल तसा वाढतो, ६४ बिटवर १ जीबीपर्यंत.

बाहेरूनच यूलिमिट बदलायची वेळ आली तर जागा आणि युनिट दोन्ही सांभाळा. यूलिमिट केबीमध्ये घेते, ‘लिमिट्स.कॉन्फ’ पण केबीमध्ये, डॉकरचा ‘--यूलिमिट स्टॅक’ मात्र बाइटमध्ये. आणि ‘लिमिट्स.कॉन्फ’ फक्त लॉगिन सेशनला लागू होते, सिस्टिमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) चालवलेल्या सर्व्हिसला नाही, तिथे युनिट फाइलमध्ये ‘लिमिटस्टॅक’ लिहायचं. हाताने चालवलं तर चालतं आणि सर्व्हिस म्हणून पडतं, याच्यामागे बरेचदा एवढंच असतं.

मोठा ठेवला तर मेमरी खाईल का

सहसा नाही. ८ एमबी म्हणजे ८ एमबीचे पत्ते राखून ठेवले, खरी रॅम जेवढ्या पेजना स्पर्श झाला तेवढीच जाते. ६४ बिटवर १००० थ्रेड म्हणजे व्हर्च्युअल ८ जीबी दिसतील, ‘टॉप’ मधला तो आकडा बघून घाबरू नका. पण काही ठिकाणी हे खरंच महाग पडतं. ३२ बिट लिनक्सवर प्रोसेसला साधारण ३ जीबीच पत्ते, त्यात ८ एमबीचे चारशे थ्रेडसुद्धा बसत नाहीत आणि ‘पीथ्रेड_क्रिएट’ ‘ईअगेन’ हा एरर देऊन परत येतं. ऑडिओ किंवा रिअलटाइम कोडमध्ये ‘एमलॉकऑल’ (मेमरी रॅममध्येच धरून ठेवणारा कॉल) पुढच्या मेमरीसकट केलं असेल तर प्रत्येक नवा स्टॅक पूर्णच्या पूर्ण रॅममध्ये येऊन बसतो. आणि ओव्हरकमिट २ वर (कर्नल ठरलेल्या मर्यादेपलीकडे मेमरी कबूल करत नाही असा मोड) ठेवलेल्या सर्व्हरवर पूर्ण आकार हिशोबात धरला जातो. या तिन्ही ठिकाणी स्टॅक मोजूनमापून छोटा ठेवा.

तो छोटा करायचाही कोडमधूनच, यूलिमिट खाली आणून नाही. कारण नवीन प्रोसेसला आर्ग्युमेंट आणि एन्व्हायर्नमेंटसाठी मिळणारी जागा स्टॅक लिमिटच्या एक चतुर्थांश असते, यूलिमिट १ एमबीवर आणली की ती २ एमबीवरून २५६ केबी होते आणि भलत्याच कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ यायला लागतं.

मग आकडा किती ठेवायचा? मी मोजलेल्या जास्तीत जास्त वापराच्या दुप्पट धरतो, वरच्या पेजला राउंड करतो, आणि रिकर्शन बाहेरून आलेल्या इनपुटवर अवलंबून असेल, म्हणजे जेसनचा पार्सर, रेग्युलर एक्स्प्रेशन, फोल्डरमधले फोल्डर असलं काही, तर आकड्याच्या भरवशावर राहातच नाही, कोडमध्ये खोलीची मर्यादा टाकतो आणि त्यापुढे व्यवस्थित एरर देतो. कारण कितीही मोठा स्टॅक दिला तरी त्याहून खोल इनपुट पाठवणारा कोणीतरी निघतोच. मोठे बफर हीपवर न्या. आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये) एक टेस्ट अशी ठेवा की जी सगळ्यात वाईट इनपुट प्रॉडक्शनच्याच इमेजमध्ये, नव्या थ्रेडमध्ये चालवते, मेन थ्रेडमध्ये नाही.